तुमच्या जुन्या फाइलीचं खापर आमच्या ब्राउझरवर फोडू नका

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन बस-तिकीट सेवा

विषय: जुनी आसनरचना दाखवून अप्पर बर्थ माथी मारल्याबद्दल, आणि त्यावर ‘ब्राउझरचा डेटा साफ करा’ एवढंच उत्तर दिल्याबद्दल

महोदय/महोदया,

तुमचं नाव साइटवर शोधलं, सापडलं नाही, म्हणून पदनामानेच लिहिते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर द्यायला हवा. तुमच्याकडे ‘मदत’ दाबलं की ऑफर दिसतात.

मागच्या शुक्रवारच्या पणजी–पुणे रात्रीच्या स्लीपरचं तिकीट मी माझ्या आईसाठी काढलं. आई एकाहत्तर वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि पुण्याला जायचं तेच मुळी गुडघे डॉक्टरांना दाखवायला. स्क्रीनवर २१ नंबर लोअर बर्थ म्हणून दिसत होता, खिडकीकडचा. तो निवडला, पैसे भरले. साखळीला बस आली, क्लीनरने टॉर्च मारून नंबर बघितला आणि वर बोट दाखवलं. २१ नंबर अप्पर. तिकिटावर नुसता आकडा, वरचा की खालचा याचा उल्लेखच नाही, त्यामुळे वाद घालायलाही हातात काही नव्हतं. लोअर सगळे भरलेले. शिडीच्या पहिल्या पायरीवर आईने पाय ठेवला आणि काढून घेतला.

शेवटी ती ड्रायव्हरच्या केबिनमधल्या फळीवर बसून गेली. केरी सोडलं की चोर्ला घाट लागतो, पावसाळ्यात तिथे धुकं कसं असतं ते या रस्त्याने जाणाऱ्याला सांगायला नको. बेळगावला एक प्रवासी उतरला तेव्हा कुठे तिला आडवं होता आलं. बसवाल्यांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनी जमेल ते केलं. त्यांच्या हातातल्या यादीत २१ अप्परच होता.

मग स्क्रीनवर लोअर कसा दिसला? तुमच्या हेल्पलाइनचं म्हणणं, ‘मॅडम, आमच्याकडे बरोबर दिसतंय, तुमच्या ब्राउझरचा प्रॉब्लेम आहे, कॅश क्लिअर करा.’ कॅश म्हणजे एकदा उघडलेल्या पानाच्या फाइलींची ब्राउझरने स्वतःकडे साठवलेली प्रत. हे वाक्य पाठ करून घेतलेलं असावं, कारण माझ्यानंतर वहिनीलाही शब्दन् शब्द तेच ऐकायला मिळालं.

मी साखळीत मुलांना कॉम्प्युटर शिकवते. त्यामुळे काहीही साफ करण्याआधी पुरावा ठेवला. तोच बर्थ-नकाशा मी आधी नेहमीच्या खिडकीत उघडला, मग खासगी म्हणजे इन्कॉग्निटो खिडकीत. दोन्ही शेजारी शेजारी. नेहमीच्या खिडकीत विषम आकडे खाली आणि सम आकडे वर. खासगी खिडकीत १ ते १८ खाली, १९ ते ३६ वर. म्हणजे मधल्या काळात तुम्ही साइट बदलली, बर्थचे नंबर बदलले, आणि माझ्या लॅपटॉपवर जुनीच मांडणी राहिली. एफ१२ दाबून, ब्राउझरने कुठली फाइल कुठून आणली ते दाखवणारा नेटवर्कचा भाग बघितला. बर्थचं चित्र काढणारी जावास्क्रिप्ट फाइल तुमच्या सर्व्हरवरून आलेलीच नव्हती, तिच्यासमोर ‘डिस्क कॅश’ लिहिलं होतं. शिगम्याच्या सुमारास मी तुमच्याकडून तिकीट काढलं होतं, तेव्हा उतरवून घेतलेली ती फाइल. कुठला बर्थ रिकामा, हे सर्व्हर त्या क्षणाचं खरं सांगत होता. पण तो वर आहे की खाली, हे सहा महिन्यांपूर्वीची फाइल ठरवत होती.

आणि ब्राउझरने ती फाइल का जपली? कारण तुम्हीच सांगितलं. त्या फाइलीबरोबर तुमचा सर्व्हर ‘मॅक्स-एज ३१५३६०००’ अशी सूचना पाठवतो. हे सेकंद आहेत, बरोबर ३६५ दिवसांचे. वर्षभर मला पुन्हा विचारू नकोस, असं तुम्ही ब्राउझरला बजावलं आणि त्याने इमानाने ऐकलं. यात वर्षाची मुदत चुकीची नाही, चित्रं, फॉन्ट, फारशी न बदलणारी फाइल यांना ती दिली की पान झटकन उघडतं, आमच्याकडे पावसात नेटवर्क रडतं तेव्हा तर ते बरंच. पण एवढी मुदत दिलेल्या फाइलीत बदल केला की तिचं नावही बदलावं लागतं. नावात आवृत्तीचा आकडा घालतात, किंवा मजकुरावरून काढलेली अक्षरं. नाव नवं दिसलं की ब्राउझर नवी फाइल आपोआप आणतो, कुणाला काही साफ करावं लागत नाही. तुम्ही आतला मजकूर बदललात आणि नाव तेच ठेवलंत. पानाच्या मुख्य एचटीएमएल फाइलीबद्दल मात्र ब्राउझरने दर वेळी सर्व्हरला ‘काही बदललंय का’ एवढं विचारावं, नसेल तर ३०४ असं छोटं उत्तर येतं आणि साठवलेली प्रत चालते. यासाठीचा कॅश-कंट्रोल हेडर, म्हणजे फाइलीबरोबर सर्व्हरने पाठवायची सूचना, १९९७ साली एचटीटीपी १.१ बरोबर, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या बोलण्याच्या नियमांच्या त्या आवृत्तीबरोबर, आला. तुमची कंपनी त्यानंतरची आहे.

बसस्टँडवर जुनं वेळापत्रक तसंच चिकटवून ठेवायचं आणि गाडी चुकलेल्या माणसाला सांगायचं, घरी जाऊन डोळे धुऊन या, असा हा तुमचा कारभार.

आता वहिनीचं. आईला चवथीआधी, म्हणजे गणेशचतुर्थीआधी, घरी परतायचंय, आणि चवथीच्या आधीच्या पुणे–गोवा गाड्यांची गर्दी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. परतीचं तिकीट काढायला वहिनीने मोबाइलवर तुमची साइट उघडली तर पान विस्कटलेलं: रंग नाहीत, थांब्यांची नावं एकावर एक चढलेली, पैसे भरायचं बटण तारखेच्या खाली दडपलेलं. पान नवं आणि त्याला सजवणारी सीएसएस फाइल जुनी, की असंच होतं. मी वर्गात होते, म्हणून तिने हेल्पलाइनला फोन केला. पलीकडची मुलगी गोड बोलली. तिने क्रोममध्ये ‘डिलीट ब्राउझिंग डेटा’ उघडायला लावलं, मुदत ‘ऑल टाइम’ करायला सांगितली, आणि समोर दिसतील त्या सगळ्या चौकटींत खुणा करून पुसून टाका म्हणाली. वहिनीने तसं केलं. पान सुधारलं, हे मान्य.

पण त्या खुणांत कुकीजही होत्या. कुकीज गेल्या की ब्राउझरला तुम्ही कोण ते आठवत नाही. वहिनी त्या ब्राउझरमधल्या प्रत्येक खात्यातून बाहेर फेकली गेली, तुमच्या एका पानासाठी. त्यातल्या मुलाच्या शाळेच्या फीच्या खात्याचा ओटीपी दादाच्या नंबरवर जातो, आणि दादा जहाजावर. जहाज किनाऱ्याला लागेपर्यंत फी अडकली. शिवाय तुमच्याच साइटवर ‘नेहमीचे प्रवासी’ म्हणून तिने भरलेली घरातल्या सगळ्यांची नावं आणि वयं गायब. ती यादी तुम्ही ग्राहकाच्या खात्यात ठेवत नाही, ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये, म्हणजे तिच्याच मोबाइलवरच्या साठवणीत ठेवता, आणि मग तुमचाच माणूस फोनवरून ती पुसायला सांगतो.

हेल्पलाइनला खरं काय सांगायला शिकवायचं ते लिहिते. आधी खासगी खिडकीत पान उघडून बघायला सांगा. तिथे नीट दिसलं तर दोष बहुधा साठवलेल्या प्रतीचा, आणि यात काहीच पुसलं जात नाही. कॉम्प्युटर असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाबून पान नव्याने आणता येतं, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. नाहीच भागलं तर फक्त ‘कॅश्ड इमेजेस अँड फाइल्स’ची खूण ठेवायची, कुकीजची काढायची. सगळ्यात नेमकं म्हणजे फक्त तुमच्या साइटचा डेटा काढणं: क्रोममध्ये पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर दाबून साइट सेटिंग्ज, आयफोनवर सफारीच्या सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्डखाली वेबसाइट डेटा. यातही लॉगिन जातं, पण फक्त तुमच्याकडचं. ‘सगळं पुसा’ हा उपाय सांगायला सोपा असतो, भोगायला नाही.

माझ्या मागण्या अशा. आईच्या तिकिटाचे पूर्ण पैसे परत करावेत, कारण जो बर्थ दाखवला तो दिला नाही. चवथीआधीचं तिचं परतीचं तिकीट वहिनीने काढलं आहे, त्यावर बर्थ लोअर असल्याचं लेखी कळवावं, आणि यापुढे प्रत्येक तिकिटावर नंबरासमोर लोअर की अप्पर ते छापावं. हे शेवटचं काम एका ओळीचं आहे आणि तेवढं असतं तरी शुक्रवारी मी पैसे भरल्याबरोबर तिकीट रद्द केलं असतं. फाइलींची नावं बदलण्याची व्यवस्था करावी. ज्यांच्याकडे जुनी फाइल अजून पडून आहे ते तोवर चुकीचे बर्थ घेतच राहतील, आणि पुढे दिवाळी आहे. सर्व्हरवरून ‘क्लिअर-साइट-डेटा’ हेडर पाठवूनही तुमच्यापुरती साठवण पुसता येते, पण सगळे ब्राउझर तो सारखा पाळत नाहीत, तेव्हा त्यावर विसंबून नावं बदलायचं टाळू नका. प्रवाशांची यादी खात्यात ठेवावी. नुकसानभरपाई म्हणून कूपन पाठवू नये. मागच्या वेळच्या कूपनाची मुदत ते पोचेपर्यंत संपली होती.

वर लिहिलेल्या नियमांप्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. तसं झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवणार आहे. उत्तर ईमेलने द्यावं. फोन करायचाच असेल तर संध्याकाळी सहानंतर करावा, आणि फोन करणाऱ्याला हे पत्र आधी वाचायला द्यावं.

सोबत जोडलं आहे: तिकिटाची प्रत, दोन्ही खिडक्यांतल्या बर्थ-नकाशांचे स्क्रीनशॉट, आणि नेटवर्कच्या यादीचा स्क्रीनशॉट, ज्यात त्या फाइलीचं नाव आणि मुदत दोन्ही वाचता येतात.

आपली,
एक ग्राहक
साखळी, गोवा