लॉक आणि मिल यांचा पाया एक नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील नैसर्गिक हक्कांची, म्हणजे राज्याने न दिलेल्या, माणसाला जन्मतःच असलेल्या हक्कांची, ओळख करून देणारा लेख वाचला. नवख्या वाचकाला झेपेल अशा भाषेत तो लिहिला आहे, याबद्दल लेखकाचे आभार. मात्र लॉक आणि मिल या दोन्ही इंग्रज तत्त्वज्ञांनी नैसर्गिक हक्कांच्या आधारे व्यक्तिस्वातंत्र्याचा पुरस्कार केला, असे त्यात जाता जाता म्हटले आहे. ते मिलच्या बाबतीत खरे नाही.

जॉन लॉकच्या १६८९ साली निनावी प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हक्क राज्यसंस्थेच्या आधीचे आहेत. ओकच्या झाडाखाली पडलेली फळे एखाद्याने वेचून खाल्ली, तर ती त्याची नेमकी केव्हा झाली, असे लॉक विचारतो: पचली तेव्हा, खाल्ली तेव्हा, शिजवली तेव्हा, घरी आणली तेव्हा, की उचलली तेव्हा? उचलण्याच्या श्रमानेच ती त्याची झाली, हे त्याचे उत्तर. त्यासाठी साऱ्या मानवजातीची संमती मिळेपर्यंत थांबला असता तर तो उपाशी मेला असता. अर्थात इतरांसाठी पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे, ही अट आहेच, आणि मालमत्तेच्या समर्थनासाठी लॉकचा हवाला देणारे नेमकी तीच विसरतात.

जॉन स्टुअर्ट मिल ज्या घरात वाढला, तिथे अधिकाधिक लोकांचे सुख साधते ते योग्य, असे मानणाऱ्या उपयुक्ततावादी जेरेमी बेंथमचा शब्द प्रमाण होता, आणि बेंथमने तर काळाच्या ओघातही न हिरावता येणाऱ्या नैसर्गिक हक्कांच्या कल्पनेला उंच काठ्यांवर चढवलेला निरर्थकपणा म्हटले होते. मिलने १८५९ साली स्वातंत्र्यावर लिहिताना आरंभीच सांगून टाकले, की उपयुक्ततेपासून वेगळ्या अशा अमूर्त हक्काचा कोणताही फायदा मी माझ्या युक्तिवादासाठी घेणार नाही. त्याचा आधार व्यापक अर्थाने घेतलेले माणसाचे हित हा आहे.

हा फरक केवळ पंडितांपुरता नाही. मिलचेच उदाहरण घ्या. कोसळणार हे नक्की ठाऊक असलेल्या पुलावर एक माणूस पाऊल टाकतो आहे आणि त्याला सावध करायला वेळ नाही. मिल म्हणतो, त्याला धरून मागे ओढले तरी त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही, कारण नदीत पडण्याची त्याची इच्छाच नाही. पण धोका निश्चित नसून केवळ संभव असेल आणि माणूस जाणता, भानावर असेल, तर त्याला इशारा द्यावा, बळाने अडवू नये. जोखीम पत्करायची की नाही, हे त्याचे त्याने ठरवावे. लॉकच्या लेखी मात्र स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे, आणि स्वतःचा नाश करण्याची मुभा माणसाला मुळातच नाही, कारण तो स्वतःचा नसून ईश्वराची निर्मिती आहे.

लेखमालेच्या पुढील भागात एवढी दुरुस्ती व्हावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक