मोर्चावाल्या मावशींना

मावशी, तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. आमच्या घरात तुम्ही 'मोर्चावाल्या बाई' म्हणूनच ठाऊक. पाण्यावरून फाटकासमोर तुम्ही बाबांना जे सुनावलं होतंत, ते मी गच्चीतून शब्दन् शब्द ऐकलंय. त्यामुळे बाबा आयसीयूत असताना दाराबाहेर तुम्ही दिसलात तेव्हा आई दचकलीच. आता इथेही?

त्या तीन दिवसांत माणसांना तोटा नव्हता. पुष्पगुच्छ आले. आयसीयूत फुलं नेऊ देत नाहीत हे आणणाऱ्यांनाही माहीत होतं, पण फोटो काय, दाराबाहेरच काढायचा होता. एक 'निष्ठावंत' जिन्यापाशी तिकीट आता कुणाला याचा हिशेब मांडत होते. आणि मोबाइलवर 'पापं फेडतोय' लिहिणारे वेगळेच. त्यांतल्या एकाने माझ्या भावाचा शाळेच्या गणवेशातला फोटो टाकला. तो चौदा वर्षांचा आहे हो.

तुम्ही बाकावर टेकलात आणि आईला विचारलंत, "तुमचं नाव काय?"

वीस वर्षं ती नुसती 'वहिनीसाहेब' आहे. उत्तर द्यायला तिला जरा वेळच लागला. मग तिचं, भावाचं, माझं नाव पुटपुटत पाठ केलंत आणि डोळे मिटलेत. बाबांना चक्क अरे-तुरे! "प्रभू, याला बरा कर. परत खुर्चीवर बसला तर खरं बोलायची बुद्धी दे. आणि याच्या पोराच्या कानावर वाईटसाईट पडू देऊ नकोस." 'खरं बोलायची' ऐकून आई खुदकन हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा. मग रडली.

निघताना म्हणालात, रविवारच्या प्रार्थनेत राज्यकर्त्यांसाठी मागणं असतं, बाबांचं नाव त्यात आधीपासूनच आहे, मोर्चाच्या आठवड्यातही होतं. घरी येऊन शोधलं, तर बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात खरंच राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करायला सांगितलंय. राजा चांगला असेल तरच, अशी अट काही दिसली नाही.

त्याच रात्री आणखी एक वाचलं. फेब्रुवारी 2009 मध्ये ब्रिटनचे विरोधी पक्षनेते डेव्हिड कॅमेरॉन यांचा सहा वर्षांचा मुलगा गेला. त्या दिवशी संसदेतला पंतप्रधानांचा प्रश्नोत्तरांचा तास झाला नाही. शोक व्यक्त करायला उभे राहिले पंतप्रधान गॉर्डन ब्राउन, ज्यांची स्वतःची दहा दिवसांची मुलगी 2002 मध्ये गेली होती. पुढे दोघे भांडले असतीलच, भांडायलाच निवडून दिलेलं असतं. पण त्या दिवशी समोरच्या बाकावर बसणारा माणूस कुणाचा तरी बाप आहे, हे ब्राउन यांना कुणी सांगावं लागलं नाही.

बाबा घरी आलेत. तुमच्या प्रार्थनेतलं सगळं त्यांना सांगितलं, अरे-तुरेसकट. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "पाण्याचा अर्ज कुठंय तिचा?" अर्ज टेबलावर आहे, सही अजून झालेली नाही. तेव्हा मोर्चा घेऊन खुशाल या. फाटक मी उघडते.

तुमची,
त्यांची मुलगी