दगड बोलालेत

बेळगाव,
आषाढ, बुधवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू विचारलंस, "पावनखिंड बघून आलीस नव्हं?" आणि मी "होय" म्हटलं. ते खोटं होतं. मी खिंडीपर्यंत गेलेच नाही. फोनवर सांगायला गेले असते तर मला रडू आलं असतं आणि तू रात्रभर जागली असतीस, म्हणून लिहिते. बाबांना मोठ्याने वाचून दाखव. सगळे सुखरूप आहेत, हे आधीच सांगते.

शुक्रवारी रात्री आम्ही २४ जण निघालो. निपाणीपासून पाऊस लागला तो थांबलाच नाही. पन्हाळ्यापासून खिंडीपर्यंत पन्नासेक किलोमीटरची चाल, दोन दिवसांत. मी ही वाट आधी दोनदा चालले आहे, म्हणून यंदा पुढारपण माझ्याकडे होतं. राजदिंडीच्या वाटेने गड उतरलो, म्हाळुंगे गेलं आणि मसाई पठारावर चढलो. बाबा, त्या पठारावर आडोसा म्हणून काही नाही. मैलोन्‌मैल सपाट सडा, धुक्यात पुढचा माणूस दिसत नाही आणि वारा पाऊस आडवा मारतो. खोळ, रेनकोट, छत्री, कशाचाच उपयोग होत नव्हता. मसाईच्या देवळात सगळे एकमेकांना चिकटून बसलो तेव्हा दातांचा आवाज ऐकू येत होता. तरी कुणी कुरकुरलं नाही. राजे १६६० साली ह्याच महिन्यात, ह्याच पावसात, रात्रीचे सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून इथून गेले, हे ज्याच्या त्याच्या मनात होतं.

करपेवाडीला एका घरात मुक्काम केला. त्या माऊलीने चूल रात्रभर विझू दिली नाही. तू दिलेले शेंगदाण्याचे लाडू तिच्या नातवंडांना दिले. कपडे मात्र वाळले नाहीत. सकाळी तेच ओले कपडे पुन्हा अंगावर चढवले, आणि चूक तिथेच झाली असं मला आता वाटतं. कोणाच्या पिशवीत सुका जोड आहे, कोण जीन्स घालून आलाय, हे मी बेळगावातच बघायला हवं होतं. सुती कापड एकदा भिजलं की अंगातली ऊब ओढून घेतं. मला हे ठाऊक होतं, पण मी तपासलं नाही.

आमच्यात कॉलेजचा एक मुलगा होता, काटक, पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे. दुसऱ्या दिवशी पाटेवाडीच्या पुढे जंगलात तो मागे पडू लागला. आधी कुडकुडत होता. मग कुडकुडणं थांबलं, आणि मला वाटलं, बरं झालं, चालून अंग तापलं. तसं नव्हतं. ओढ्याकाठी थांबलो तेव्हा त्याला चिक्कीचा कागद फोडता येईना. बोलताना जीभ जड. "मला काही नाही झालं, जरा झोपतो," म्हणाला आणि चिखलातच बसला. थंडी आतवर शिरली की शरीर थरथरणंही सोडून देतं, आणि तीच धोक्याची खूण असते.

मे महिन्यात घरून आणलेली तुमची जुनी काळी घोंगडी माझ्याकडे होती, प्लास्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून. तिच्या वजनावरून सगळे मला बोलले होते. ताडपत्रीच्या आडोशाला त्याचे ओले कपडे काढले, माझा राखून ठेवलेला सुका सदरा घातला, घोंगडीत गुंडाळला आणि दोन्ही बाजूंनी दोघांना चिकटून बसवलं. थर्मासमधलं गरम गुळाचं पाणी घोट घोट दिलं. कुणी म्हणालं, हातपाय जोरात चोळा, कुणाजवळ बाटली होती, तो म्हणाला घोटभर देऊ. मी दोन्ही करू दिलं नाही. दारूने ऊब आल्यासारखं वाटतं, पण आतली ऊब उलट बाहेर जाते. अर्ध्या तासाने तो पुन्हा कुडकुडायला लागला. बाबा, कुणाला कुडकुडताना बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

तेवढ्यात ओढा बदलला होता. आलो तेव्हा गुडघ्याएवढं पाणी होतं, बाकीच्यांनी दोर बांधायलाही घेतला होता. मी पाण्याच्या काठावर काठी रोवली, तुम्ही रोवली होती तशी. पंधरा मिनिटांत काठीच्या बुडाशी चार बोटं पाणी चढलं. रंग तांबडा झाला, पालापाचोळा वाहून यायला लागला. आणि मग तो आवाज. पाण्याखालून दगड एकमेकांवर आपटत घरंगळायचा, गडगड असा.

मी दहा वर्षांची होते. आत्याच्या बाळाचं बारसं. मामाकडचा बाळंतविडा तुम्ही इरल्याखाली छातीशी धरलेला, आणि आपल्या गावाखालचा ओढा. पलीकडे उभ्या माणसाने हाक मारली, "या की, एवढंच पाणी!" तुम्ही काठीकडे बघत उभे राहिलात आणि म्हणालात, "चल माघारी. दगड बोलालेत." मी वाटभर रडत होते. आत्या भाऊबीजेपर्यंत तुमच्याशी बोलली नाही. गावात लोक काय काय म्हणाले, तेही मी ऐकलं होतं, आणि मोठी होईपर्यंत मनातून तुम्हाला थोडं भित्रं समजत होते. हे आज पहिल्यांदा कबूल करते.

मी सगळ्यांना मागच्या वाडीकडे वळवलं. खिंड जेमतेम अडीच तासांवर होती. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, मला लेकीसारखं मानतात. बाजीप्रभूंच्या चरणी घालायला त्यांनी राजहंसगडाची मूठभर माती तांब्यात घालून आणली होती. त्यांनी एकच विचारलं, "सहाशे माणसं रात्रीची गेली, आपल्याला दिवसाढवळ्या ओढा अडला काय गे?" मला उत्तर सुचलं नाही. आज सुचतं. त्यांच्या मागावर जौहरच्या जावयाचं, सिद्दी मसूदचं घोडदळ होतं, पुढे विशाळगड गाठायचाच होता, आणि बाजीप्रभूंबरोबर बांदलांची माणसं मरायची हे ठरवून खिंडीत उभी राहिली. आमच्यावर तशी वेळ नव्हती. त्या जागेची मला इतकी ओढ आहे, म्हणूनच तिच्या वाटेवर एका पोराला वाहून जाऊ देणं मला जमलं नसतं.

वाडीतून गाडी मिळाली. खिंडीपर्यंत रस्ता आहे, गाडीनेच जाऊ, असं दोघेतिघे म्हणाले. मी मलकापूरच्या दवाखान्याकडे न्यायला लावली. मुलगा आता बरा आहे, त्याच्या आईचा रोज फोन येतो. काका मात्र परतीच्या वाटेवर एक शब्द बोलले नाहीत. तांब्या मांडीवर धरून बसले होते. काल त्यांच्या घरी गेले, काकूंनी चहा दिला, ते आतून बाहेर आले नाहीत.

आई, माझे पाय ठीक आहेत, जळवांच्या खुणा तेवढ्या राहिल्यात. घोंगडी खिडकीत टाकलीय, अजून ओलसरच आहे. चतुर्थीला आणते.

बाबा, एकच विचारायचंय. त्या भाऊबीजेला तुम्ही आत्याच्या दारात गेलात, तेव्हा आधी कोण बोललं? तुम्ही काय म्हणालात? आईकडून लिहून घ्या आणि पाठवा. पुढच्या रविवारी मी पुन्हा काकांकडे जाणार आहे.

तुमची लेक