आक्षीच्या पक्षीनिरीक्षण सहलीबाबत तक्रार

प्रति,
माननीय व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : रविवार, ११ जानेवारीच्या आक्षी (अलिबाग) सहलीबाबत

स.न.वि.वि.

या सहलीसाठी मी माझे आणि अकरा वर्षांच्या भाचीचे मिळून ४,४०० रुपये भरले होते. ठाण्याहून पहाटे साडेतीनला निघालेली बस सातच्या आत पोहोचली, चालकाने गाडी सांभाळून चालवली. त्याबद्दल काही म्हणणे नाही.

पण वेळ कुणी ठरवली? त्या दिवशी पौष वद्य अष्टमी होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे किनाऱ्यावरचा कोणताही कोळी सांगेल. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाला. आम्ही उतरलो तेव्हा पाणी जेमतेम ओसरू लागले होते. चिखले आणि तुतवार हे किनाऱ्यावरचे पक्षी ज्या ओल्या वाळूत किडे टिपतात, ती सगळी पाण्याखाली. त्यात भांगाचे, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या कमी भरती-ओहोटीचे दिवस, पाणी सावकाश सरकणार. नऊला पट्टा उघडा पडायला लागला आणि नेमके तेव्हाच आम्हाला नाश्त्यासाठी बसमध्ये बसवले.

हे एक वेळ सोडून दिले असते. खरी तक्रार पुढे आहे.

भरतीच्या वेळी हे पक्षी कोरड्या वाळूवर दाटीने विसावतात. सुरूच्या बनासमोर कुरव, सुरय, चिखले असे शेकडो पक्षी होते, कित्येक एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून. तुमच्या मार्गदर्शकाने उडतानाचे फोटो मिळावेत म्हणून सहलीतल्या दोन मुलांना थव्यावर पळत जायला सांगितले. एकदा नव्हे, चार वेळा. चौथ्यांदा थवा पाण्यावर घिरट्या घालून खाडीकडे निघून गेला, परतला नाही. भाची एका सँडरलिंगचे चित्र काढत होती. ते पायांपर्यंतच झाले.

सँडरलिंग हा मुठीएवढा पक्षी आर्क्टिकमध्ये अंडी घालतो. हिवाळाभर आपल्या किनाऱ्यावर खाऊन अंगात चरबी साठवतो आणि त्या बळावर उन्हाळ्याच्या तोंडी परत उत्तरेला निघतो. विनाकारण उडवले की तीच शिदोरी खर्च होते. मी हे मार्गदर्शकाला बाजूला घेऊन सांगितले. "ताई, पक्षी आहेत, उडणारच," एवढेच उत्तर मिळाले. ज्याला पक्ष्यांबद्दल एवढीच आस्था आहे, त्याच्या हाती तुम्ही मुलांचा पहिला पक्षी सोपवता, याचे मला फार वाईट वाटते.

माझ्या मागण्या अशा : निम्मे शुल्क परत करावे. यापुढे किनाऱ्यावरच्या सहली भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठरवाव्यात आणि ती वेळ नोंदणीच्या वेळीच कळवावी. विसावलेला थवा कुणीही उठवायचा नाही, असा लेखी नियम मार्गदर्शकांना द्यावा व त्याची प्रत मला पाठवावी. पैसे मिळाले आणि ही प्रत मिळाली नाही, तर तक्रार मिटली असे मी मानणार नाही.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पावती आणि त्या सकाळचे तीन फोटो सोबत जोडले आहेत.

कळावे,
आपली ग्राहक, ठाणे