गोळी बंद करू नका, बाबा

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई फोनवर म्हणाली, "त्या नव्या गोळीने उलट त्रास वाढला, म्हणून यांनी ती बंदच केली." तेव्हा मी मुद्दामच काही बोलले नाही. बोलले असते तर वाद झाला असता आणि बाबांनी नेहमीसारखा फोन आईच्या हातात देऊन टाकला असता. पत्राचं तसं होत नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, आधी तुमची बाजू. गाऊटमुळे, म्हणजे युरिक अ‍ॅसिडच्या संधिवातामुळे, एरवी वर्षातून एखाद्या वेळी ठणकणारा पायाचा अंगठा ही नवी गोळी, अ‍ॅलोप्युरिनॉल, सुरू केल्यावर लागोपाठ सुजला. रात्री चादरीचा स्पर्शही सहन होईना. कुणीही म्हणेल, गोळी बाधली. पण अशी सूज येऊ शकते, हे गोळी लिहून देतानाच तुम्हाला सांगायला हवं होतं. ते कुणी सांगितलं नाही, याचा मला खरा राग आहे.

होतं ते असं. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहू लागलं की ते पुरतं विरघळून राहत नाही आणि त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात साचत जातात. अशा सुजेच्या दोन झटक्यांच्या मधल्या काळात काहीच दुखत नाही, म्हणून आपल्याला वाटतं आजार गेला. साठा मात्र तिथेच असतो. अ‍ॅलोप्युरिनॉलमुळे युरिक अ‍ॅसिड तयार होण्याचंच प्रमाण घटतं, रक्तातली पातळी उतरते आणि वर्षानुवर्षं बसलेला तो साठा विरघळायला लागतो. विरघळताना त्यातले स्फटिक सुटे होतात. शरीरातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात आणि अंगठा लाल होऊन पेटतो. म्हणजे औषध काम करायला लागलं की पहिले काही महिने झटके वाढू शकतात. विचित्र आहे खरं, पण तसंच आहे.

म्हणूनच तुम्हाला दुसरी एक लहान गोळी दिली होती, कोल्चिसिनची. "दुखत नाही तर कशाला घ्यायची?" म्हणून तुम्ही ती बाजूला ठेवलीत, असं आई सांगत होती. ती दुखणं थांबवायला दिलेलीच नव्हती, झटका येऊ नये म्हणून रोज कमी मात्रेत घ्यायची होती, साधारण तीन ते सहा महिने. २००४ साली अ‍ॅलोप्युरिनॉल नव्याने सुरू करणाऱ्या ४३ जणांवर एक चाचणी झाली. कोल्चिसिन सोबत घेणाऱ्यांना सरासरी अर्धा झटका आला, न घेणाऱ्यांना जवळजवळ तीन. चाचणी लहान होती, पण फरक बघा केवढा!

अ‍ॅलोप्युरिनॉलची गोळी मध्येच सोडली की काय होतं? युरिक अ‍ॅसिड पुन्हा चढतं, पुन्हा सुरू केली की पुन्हा उतरतं, आणि पातळी अशी वरखाली झाली की पुन्हा झटका. तेव्हा झटका आला तरी ही गोळी चालू ठेवायची आणि झटक्यावर वेगळे उपचार घ्यायचे. आता ती सुटलीच आहे, तर परत किती मात्रेपासून सुरू करायची ते डॉक्टरांनाच विचारा, जुनी पट्टी काढून स्वतःच सुरू करू नका. सहसा १०० मिलिग्रॅम किंवा त्याहूनही कमी देतात, मूत्रपिंड कमजोर असेल तर आणखी जपून, आणि रक्त तपासत हळूहळू वाढवतात. मात्रा वाढवली म्हणजे आजार बळावला असं समजू नका. पातळी ६ च्या खाली आणून तिथेच ठेवायची आहे.

आणि तुमचा तो युरिक अ‍ॅसिडचा नॉर्मल रिपोर्ट. रक्त झटक्यातच दिलं होतंत ना? ऐन सुजेत युरिक अ‍ॅसिड खोटं कमी दिसू शकतं. सूज उतरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा.

ब्रिटनमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी ५१७ रुग्णांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात एका गटाला परिचारिकांनी आजार नीट समजावून सांगितला आणि रक्त तपासत मात्रा वाढवली. दोन वर्षांनी त्यांतल्या ९५ टक्के लोकांची पातळी ६ च्या खाली होती, नेहमीच्या उपचारांच्या गटात जेमतेम ३० टक्क्यांची. गोळ्या त्याच. झटके खरे कमी झाले ते दुसऱ्या वर्षी. तेवढा धीर धराल का, बाबा?

आई, आता तुझ्याशी. त्यांच्या प्रत्येक घासावर नजर ठेवणं सोड. दारू आणि गोड शीतपेयं टाळावीत हे खरं, पण मुख्य दोष मूत्रपिंडातून युरिक अ‍ॅसिड पुरेसं बाहेर न पडण्याचा असतो आणि तो बराचसा आनुवंशिक. नुसत्या पथ्याने पातळी जराशीच उतरते. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर त्यानेही युरिक अ‍ॅसिड वाढतं. ती गोळी आपल्या मनाने थांबवू नका, डॉक्टरांना विचारा.

अ‍ॅलोप्युरिनॉलबद्दल मात्र एका बाबतीत माझं वरचं सगळं विसरायचं. अंगावर पुरळ आलं, तोंड सोललं किंवा डोळे लाल झाले तर गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हे क्वचितच होतं, पण झालं तर फार गंभीर असतं, आणि धोका पहिल्या काही आठवड्यांत जास्त. सांधा सुजून सडकून ताप आला तरीही घरी वाट बघत बसू नका, लगेच दवाखाना गाठा, तो जंतुसंसर्ग असू शकतो.

तुमचीच,
लेक

ता. क. कोल्चिसिनने जुलाब झाले तर मात्रा कमी करता येते, तसं सांगा. आणि खोकल्या-तापासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर कोल्चिसिन चालू असल्याचं आधी सांगायचं. दोन्ही एकत्र घेणं घातक ठरू शकतं. आई, हे त्यांच्या औषधांच्या कागदावर लिहून ठेव. बाबांच्या लक्षात राहणार नाही.