चि. अमोलला, फंडाबद्दल

चिपळूण

चि. अमोल,
अनेक आशीर्वाद.

गावातल्या पोरांसाठी काढलेला फंड मोडा, असं तू परवा फोनवर म्हणालास आणि तुझाही आवाज चढला, माझाही. आई आतल्या खोलीत होती, तिने सगळं ऐकलं. म्हणून आज लिहायला बसलोय.

आधी तिची तब्येत. अँजिओग्राफीत एके ठिकाणी अडथळा निघाला, पण तूर्त गोळ्यांवर भागेल असं डॉक्टर म्हणाले. जिना दिवसातून एकदाच. मीठ कमी केलंय. मी बाजारात गेलो की लोणच्याची बरणी उघडते, ते मला वासावरून कळतं. उपचाराचे पैसे वेगळे ठेवलेत आणि विम्याचे कागद नानांच्या पेटीशेजारी आहेत. तेव्हा 'फंड मोडा' हे पुन्हा म्हणू नकोस. तो मोडताही येत नाही. फंडाचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे, त्यातला पैसा आता आपला नाही. मुद्दल ठेवीत, खर्च व्याजातून, दरवर्षी ऑडिट.

आईने पु. ल. आणि सुनीताबाईंचं नाव काढलं तेव्हा तू म्हणालास, "त्यांना मूल नव्हतं. तुम्हाला मी आहे." ते मनातून जात नाही. १९८६ मध्ये अवचट पतिपत्नींनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते पु. ल. आणि सुनीताबाईंनी दिलेल्या लाख रुपयांच्या बळावर. गर्दच्या नशेच्या विळख्यात सापडलेली तरुण पोरं पु. ल. आणि सुनीताबाईंना दिसली. मूल नव्हतं म्हणून दिले, असं मला नाही वाटत.

आम्हाला आमची पोरं दिसली २२ जुलै २०२१ च्या पुरात. तुझा फोन लागत नव्हता. वाशिष्ठीचं पाणी जिन्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं, आई औषधांची पिशवी छातीशी धरून माळ्यावर बसली होती. पेठमापची पोरं ट्रकची ट्यूब आणि दोर घेऊन आली. एकाच्या तळपायात काच गेली होती, पाण्यात रक्त दिसत होतं, आणि तो आपला आईला सांगतोय, "काकू, खाली बघू नका, माझ्याकडे बघा." दहावीत दोनदा बसलेला मुलगा. त्याआधी मीच त्याला नाक्यावर उभा असतो म्हणून नावं ठेवायचो.

आज तो पवन तलाव मैदानावर पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे मुलं सोळाशे मीटर पळतात, मुली आठशे, मग गोळाफेक. बूट, अंडी-केळी, अर्जाची फी आणि अभ्यासिकेचं वीजबिल फंडातून. लाइफ जॅकेटं आणि दोरही घेऊन ठेवलेत. पावसाळ्याआधी पोरं ते बाहेर काढून एकेक बक्कल ओढून बघतात. आई खुर्ची टाकून स्टॉपवॉच धरते. गेल्या भरतीत लागलेली मुलगी वर्दीतच पेढे घेऊन आली आणि पाया पडली, तेव्हा आईला बोलताच येईना.

फंडाचं बघणारे जोशीकाका आता थकलेत. मी आणि आई किती वर्षं धावपळ करणार? आमच्यानंतर हे कोण बघेल, हा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवलं होतं.

तू चांगलं कमावतोस, कष्टाने कमावतोस. पण पगार वाढतो तसा माणसाने आपला परीघही वाढवावा. आपल्या गावचं पाणी, आपल्या गावची शाळा... बघ, पुन्हा तास घ्यायला लागलो. राहू दे. रागावू नकोस.

२००५ चा पूर आठवतो? तू नववीत होतास. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं चिखलाने फुगून विटांसारखी झाली होती. १८६४ पासूनचं वाचनालय. कोणी न सांगता तू तिथे जायचास, आपल्या गच्चीवर पानं सुटी करून वाळवायचास. कोपर चिखलाने माखलेलं, आणि आईला म्हणालास, "हे पुस्तक वाचेल गं." त्या दिवशी मला तुझा जो अभिमान वाटला, तो तुझ्या पहिल्या पगारालाही वाटला नाही. तेव्हा बोललो नाही, आज लिहितो.

म्हणून वाटतं की फंडाचा विश्वस्त तूच व्हावंस. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, द्यावा लागतो, वकिलांना विचारून ठेवलंय. तुला त्यात गुंतवायचं नाही. पण दुसऱ्या कोणाच्या हाती गेलं आणि पहाटे मैदानावर कोणी आलंच नाही तर, या विचाराने झोप मोडते. आईला सांगू नकोस, तिला वाटतं मी गाढ झोपतो.

आत्याला अँजिओग्राफीचं कळवू नकोस, ती लगेच निघेल. गणपतीची रजा आत्ताच टाक. येताना पॅन आणि आधारची प्रत असू दे. सही केलीच पाहिजे असं नाही.

तुझे,
बाबा