नाही म्हणणाऱ्या काकांना

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

मेलच पाठवणार होते. पण ‘आभारबिभार नकोत’ एवढं एका ओळीत कळवून तुम्ही मोकळे झाला असतात, म्हणून हे जाहीर पत्र.

बिजागरी मोडलेला जुना लॅपटॉप घेऊन मी तुमच्या दारात आले, तेव्हा मला त्याचाच घरचा सर्व्हर करायचा होता आणि त्यावर सगळंच हवं होतं: घरच्या नावाचा ईमेल, आईबाबांच्या लग्नाची व्हीएचएस टीव्हीवर, आजीच्या ओव्यांच्या कॅसेटी. रॅम चार जीबी. तुम्ही हसला नाहीत. डेबियन ही लिनक्स प्रणाली टाकायला लावलंत, झाकण मिटलं तरी झोपायचं नाही अशी एक ओळ सिस्टिमडी या तिच्या कारभाऱ्याच्या सेटिंगमध्ये लिहायला लावलीत आणि म्हणालात, “बॅटरी आहे, म्हणजे यूपीएस फुकट.” (पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा लॅपटॉप चालू राहिला, राउटर गेला. हे तुम्हाला आधीच ठाऊक होतं असा माझा संशय आहे.)

मेलने मात्र घाम काढला. पत्रांची ने-आण करणारा पोस्टफिक्स चालू, ती पेटीतून वाचायला देणारा डव्हकॉट चालू, आणि बाहेरून एक पत्र येईल तर शपथ. मी रात्र रात्र कॉन्फिग उपसत होते. तुम्ही एवढंच विचारलंत, राउटरला बाहेरच्या बाजूचा पत्ता कोणता मिळालाय? १००.७२ने सुरू होणारा. “मग दार उघडून बसलीस तरी येणार कोण? १००.६४ ते १००.१२७ हे इंटरनेट कंपनीच्या आतले पत्ते. बाहेर अख्ख्या गल्लीला मिळून एकच.” जादा भाडं भरून स्थिर आयपी, म्हणजे बाहेरून दिसणारा स्वतःचा कायमचा पत्ता, घेतला. पत्रं येऊ लागली, पण जाईनात. पत्रं जाण्याचा दरवाजा, म्हणजे बाहेर जाणारं २५ नंबरचं पोर्ट, कंपनीने बंद ठेवलं होतं. कंपनीशी भांडायला मी पदर खोचला आणि तुम्ही नाही म्हणालात.

पोर्ट उघडून मिळालं तरी त्या आयपीचं नाव उलटं शोधलं की कंपनीचंच लांबलचक नाव निघणार, आणि घरगुती कनेक्शनवरून आलेली पत्रं मोठे मेलवाले दारातच अडवतात. २०२४पासून तर जीमेलने नियम आणखी आवळलेत. मेल घरी घे, घरी ठेव, पाठव मात्र रिलेमार्फत, म्हणजे पत्रं पुढे पोचवणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरमार्फत. मला ती हार वाटली. दोन दिवस मी तुमच्याशी बोलले नाही, हे तुमच्या लक्षातही आलं नसेल. मग ५८७ पोर्टवरून रिले जोडला, एसपीएफमध्ये (आमच्या नावाने कोण पत्रं पाठवू शकतो त्या यादीत) त्याला जागा दिली, पत्र आमचंच असल्याची खूण असलेली डीकेआयएमची सही घरीच ठेवली. मावशीला धाडलेलं पत्र थेट इनबॉक्सात पडलं! रात्रभर लाइट गेली तर येणाऱ्या पत्रांचं काय, ही धास्तीही तुम्हीच घालवलीत. पाठवणारा सर्व्हर हेलपाटे घालत राहतो. पोस्टफिक्स तर सेटिंग बदललं नसेल तर पाच दिवस.

घरचे व्हिडिओ टीव्हीवर दाखवणाऱ्या जेलीफिनचं काम त्यामानाने पोरखेळ. सगळे व्हिडिओ आधीच एच.२६४ या बहुतेक ठिकाणी चालणाऱ्या रूपात करून ठेवले, त्यामुळे गरीब लॅपटॉपला ऐनवेळी रूपांतर करत राबावं लागत नाही. भाऊ जर्मनीतून वायरगार्डने, म्हणजे घरापर्यंतच्या खाजगी बोगद्याने, आत येतो आणि लग्नाच्या पंगतीत कोण कुणाशेजारी बसलंय यावर आईशी वाद घालतो.

खरी आठवण वेगळीच आहे. फायलींची प्रत काढणारा आरसिंक रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर चालतो म्हणून मी खुशीत होते. तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात आणि म्हणालात, “ओव्यांचं फोल्डर पुसून टाक.” माझा हात उठेना. तुम्ही त्याची प्रत आधीच पेनड्राइव्हवर घेतली होती, पण ते सांगितलं नाहीत. मी पुसलं. “आता आरसिंक चालव.” चालवला. माझ्या कमांडमध्ये डिलीटचा पर्याय होता: मूळ जागी नाही ते प्रतीतूनही काढ. दुसऱ्या डिस्कवरूनही ओव्या गेल्या, काही सेकंदांत. मी रडकुंडीला आले. तेव्हा कुठे तुमच्या खिशातून पेनड्राइव्ह निघाला.

त्याच संध्याकाळी आरसिंकचाच लिंक-डेस्ट हा पर्याय वापरून तारीखवार प्रती सुरू झाल्या. न बदललेल्या फायली दुसऱ्यांदा जागा खात नाहीत, हे तुम्ही मला वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवलंत. ते पान मी फाडून लॅपटॉपच्या झाकणावर चिकटवलंय.

काका, तुमचा त्या दिवशी इतका राग आला होता की आभार मानायचे राहूनच गेले. ते आज मानते.

रविवारी येते. राउटरचा अडॅप्टर तापतोय, तो दाखवायचाय. आईने तुमच्यासाठी भाजणी दळून ठेवली आहे.

लोभ आहेच, तो असाच राहावा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची